तीन वाजताचा स्नॅपशॉट

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या त्या कचेरीच्या सर्व्हर रूममध्ये दिवस आणि रात्र सारखीच. बारा महिने तेच निळसर दिवे, तीच थंडी, पंख्यांची तीच घरघर. शुक्रवारी दुपारी नूपुर तिथे शाल पांघरून बसली होती, आणि काम म्हणाल तर अगदी साधं होतं. एका रुग्णालयाच्या डेटाबेसची नक्कल दुसऱ्या सर्व्हरवर सतत उतरत असे, ती सांभाळायची. रोज तीनच्या ठोक्याला त्या नकलेचा स्नॅपशॉट निघे, म्हणजे त्या क्षणी जे जसं होतं ते तसंच गोठवलेलं. सात ठेवायचे, आठवा आला की सर्वांत जुना आपोआप पुसला जाई.

एक मात्र पुसला जात नव्हता. त्याला नूपुरनेच कुलूप घातलं होतं.

"दोन महिन्यांपूर्वीचं ते कशाला अडवून ठेवलंयस?" वरिष्ठ सलीलदांनी दारातूनच हिंदीत विचारलं. "जागा संपत आलीय. चारला नक्कल थांबेल. काढून टाक."

कशाला, ते त्यांना काय सांगणार? त्या दिवशी तीन वाजता तिची आई त्याच रुग्णालयात चौदा नंबरच्या खाटेवर जिवंत होती. डॉक्टरांनी घरी सोडायचं ठरवलं होतं. "चारला न्यायला येते गं," असं नूपुर फोनवर म्हणाली आणि याच खोलीत कामात अडकली. पोचली तेव्हा सहा वाजून गेले होते. आईने चारलाच प्राण सोडला होता.

स्नॅपशॉट नुसता वाचता येतो, त्यात कुणालाही एक अक्षर लिहिता येत नाही. म्हणूनच तिचा त्याच्यावर जीव होता. शेवटचं बघून घ्यावं म्हणून तिने तो उघडला. नर्सची नोंद तिला पाठ होती : पावणेतीन, ताप नाही, पेशंट जागी.

त्याखाली आज आणखी एक ओळ होती. साडेतीन, पेशंट साडी बदलून बसली आहे.

तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेतीन होऊन दोन मिनिटं झाली होती. पुन्हा पडद्याकडे बघेतो खाली नवी ओळ आली. मुलीची वाट पाहते आहे.

नूपुरला भीती वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला, आणि त्याचीच तिला लाज वाटली. ती तशीच बघत बसली. चारला पाच मिनिटं उरली. नक्कल थांबली आणि उद्या मूळ सर्व्हर बंद पडला, तर आज त्या खाटांवर पडलेल्या माणसांची औषधंसुद्धा कुणाला कळली नसती.

"आई... तेव्हा नाही गं जमलं मला," ती हळूच म्हणाली. "आता जा घरी..."

तिने कुलूप काढलं. पुसला जाता जाता शेवटची ओळ उमटली : चार वाजता डिस्चार्ज, मुलीबरोबर.

नूपुर पोटभर रडली. मग फोन वाजला. बेहाल्याच्या घरून बाबा बोलत होते.

"अगं, किल्ली असताना बेल कसली वाजवतेस? गॅलरीतून हाका मारतोय, तर वर बघतसुद्धा नाहीस..."

"बाबा, मी ऑफिसात..."

"आणि हाताला धरून कुणाला आणलंयस? थांब, आलो दार उघडायला."