उलटा बाण

"हिचा हातच जड आहे," काकू म्हणाली, तेव्हा मी न्हाणीघरात चिंब भिजून उभी होते आणि तुटलेला नळ माझ्या मुठीत होता. तीन महिन्यांतला चौथा. दारात हत्यारांची पिशवी घेऊन एक तरुण प्लंबर... आणि त्याच्यादेखत हे ऐकून घ्यायचं!

इतकी वर्षं झाली, ते वाक्य आठवलं की अजून माझं डोकं तापतं. आईमागे काकूनेच मला वाढवलं, मान्य. पण मला बघायला आलेल्या दोन स्थळांनाही तिने हेच ऐकवलं होतं, "मुलगी गुणी आहे, फक्त हाताला लागेल ते मोडते." दोन्हीकडून नकार आला.

प्लंबरने अंगणातल्या नळाला दाब मोजायचं गेज लावलं. काटा सर्रकन सातावर गेला.

"टेकडीवर नवी टाकी झाली ना? तुमचं घर उताराच्या तळाशी. तीन किलो दाब पुरे असतो, इथे सात आहे. नळ कुणाच्याही हातात आला असता."

"पण येतो हिच्याच हातात," काकू म्हणाली.

"घरात कामाला ह्याच दिसतात," तो तितक्याच शांतपणे म्हणाला.

हसू लपवायला मी पदर तोंडाशी धरला.

दुसऱ्या दिवशी तो दाब कमी करणारा व्हॉल्व घेऊन आला. मुख्य पाइप कापला, आटे घासले, त्यावर धागा गुंडाळला. मी पाइप धरून होते. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईपाशी थांबला होता आणि मी उगाच तिकडेच बघत होते. शेवटी त्याने कॉक उघडला... नळाला करंगळीएवढीही धार नाही.

"बघितलंत? हिने हात लावला असणार!"

रागाने माझे कान तापले. मी बोलणार, इतक्यात तो उठला.

"नाही काकू. व्हॉल्ववरचा बाण पाणी जातं त्या दिशेला हवा. मी उलटा बसवला. चूक माझी."

चूक माझी... त्या घरात हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

काकू आत गेल्यावर मी विचारलं, "इतकी साधी चूक?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

तो पाना हातात फिरवत राहिला. "आत्ता विचारू नका. पुन्हा उलटा बसेल."

त्यानंतर दाब तपासायला म्हणून तो तीनदा आला. चौथ्यांदा आला तो आईला घेऊन, मागणी घालायला.

"आधीच सांगते," काकूने सुरू केलं, "मुलगी हाताची जड—"

त्याने खिशातून गेज काढून टेबलावर ठेवलं. "मी मोजलंय, काकू. दोष पाण्याचा होता."

मी लाजायला हवं होतं. त्याऐवजी मी आतल्या खोलीतून बाहेर आले. "हे काकूने म्हणायला हवं. ती म्हणेपर्यंत मी होकार देणार नाही."

त्याची आई माझ्याकडे बघत राहिली. काकूने गेजकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"पाणीच होतं गं," ती हळूच म्हणाली. "तुझं काही नव्हतं."

"मग हो," मी म्हणाले.

"हिचा दाब कमी करणारा व्हॉल्व अजून बाजारात यायचाय," तो आईच्या कानाशी पुटपुटला. मला ऐकू आलं. त्याचा जाब मी लग्नानंतर घेतला.