आत्याबाई फोनवर आहेत

पावसाने भिजलेला चष्मा हातात धरून तो दुकानात शिरला आणि भिंतीवरच्या आरशाला अदबीने म्हणाला, "जरा ही दांडी बघता का?"

"मी इकडे आहे," काउंटरमागून ती म्हणाली.

तो वळला आणि ओशाळून हसला. दिवसभर कानांवर हेडफोन असतो, त्याखाली दांडी दबून वाकडी होते, असं त्याने सांगितलं. ती दांडी गरम हवेवर धरून हलक्या हाताने सरळ करू लागली. थोडा वेळ लागेल, म्हणाली.

"सावकाश होऊ द्या. मी थांबतो."

तिच्या हातातली दांडी मोडता मोडता वाचली. हा आवाज तिला पाठ होता. दर मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, हाच आवाज तिला फोन करायचा. म्हणजे तिला नव्हे, तिच्या आत्याला. आणि तिला आत्याच नव्हती.

त्याचं असं झालं होतं. मधे तिने स्वतःचं चष्म्याचं दुकान थाटलं. काचा कापायचं मशीन क्रेडिट कार्डावर घेतलं. लगेच दुकानासमोरचा रस्ता कोणीतरी खणला आणि बुजवायचं विसरून गेलं. नवा चष्मा घ्यायला खड्डा ओलांडून कोण येणार? ज्याला खड्डा दिसतो त्याला चष्मा नको, आणि ज्याला चष्मा हवा तो खड्ड्यात. दुकान बंद पडलं, मशीन मिळेल त्या भावात गेलं, ती इथे दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला लागली, कार्डावरचं व्याज तेवढं वाढत राहिलं. बँकेने बरेच दिवस तगादा लावला, मग हात टेकले आणि ते कर्ज वसुली करणाऱ्या एका कंपनीला विकून टाकलं. कंपनीचा पहिला फोन आला तेव्हा तिच्या तोंडून आपोआप एक चिरका, म्हातारा आवाज निघाला – "ती घरी नाही. मी तिची आत्या."

थाप एकदा मारली की मांजरासारखी पोसावी लागते. तिने पोसली.

"अरे बाबा, कर्ज विकतात होय?" आत्याने विचारलं होतं.

"हो आत्याबाई. संध्याकाळी उरलेली भाजी ढिगाने काढून टाकतात ना, तसं. शंभराचं कर्ज आम्ही पाच-दहाला घेतो. मग वसूल होईल ते आमचं."

"मग माझी गुडघेदुखी घेतंय का कोणी, बघ विचारून."

तो खळखळून हसला होता. तेव्हापासून दर मंगळवारी आधी गुडघ्यांची चौकशी, मग कर्जाची. त्याने कधी आवाज चढवला नाही, कधी धमकावलं नाही. वसुलीवाल्याच्या फोनची वाट बघणारी ती बहुधा एकटीच असेल.

आणि आता तोच समोर बसला होता. चष्मा त्याच्या कानांवर नीट बसवायला तिला अगदी जवळ वाकावं लागलं. त्याच्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता. तिने मान खाली घातली आणि कामापुरतंच बोलली... स्वतःच्या आवाजात. त्याने तो ओळखला नाही. कसा ओळखणार?

तो पुन्हा आला. मग पुन्हा. दांडी वाकायची, स्क्रू ढिला व्हायचा. दोष थोडा हेडफोनचा आणि बराचसा तिचा, कारण तो स्क्रू ती एक फेरा कमीच पिळायची. मालकांच्या ते ध्यानात आलं. "या चष्म्याला आपल्याकडेच राहायला खोली द्या," असं ते एकदा म्हणाले आणि वर्तमानपत्राआड हसत बसले.

बोलता बोलता तो आपल्या कामाबद्दल सांगायचा. सगळे शिव्या देतात, म्हणायचा. एक आत्याबाई तेवढ्या प्रेमाने बोलतात.

"नाव नाही सांगत, तसा नियम आहे. पण त्यांची भाची पक्की लबाड. पैसे उधळून बसली आणि म्हातारीला पुढे करते."

तिने दांडी त्याच्या कानामागे जरा जास्तच दाबली.

"अडचण असेल तिची काही."

"असेल ना. मग सांगायला तोंड नाही का? मी काय खाणार आहे तिला?"

त्या दिवशी ती घरी जाऊन बराच वेळ खिडकीत बसून राहिली. तो तिला आवडला होता, असं म्हणणं कमी पडलं असतं. तो तिला हवा होता. आणि त्याच्या लेखी ती म्हातारीच्या पदराआड लपणारी लबाड भाची होती.

मग एका संध्याकाळी तो आला तो चष्मा न काढताच बसला. महिनाअखेर आली, म्हणाला. ज्यांची वसुली होत नाही ती कर्जं आमची कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीला विकते. ती माणसं फोन करत नाहीत. दारात येऊन उभी राहतात, शेजाऱ्यांसमोर, कामाच्या ठिकाणी.

"आत्याबाईंच्या दारात अशी माणसं गेलेली मला चालणार नाहीत. मी साहेबांकडून सवलत मंजूर करून घेतली. निम्म्याहून कमी रक्कम, तीही हप्त्यांनी. आत्याबाईंना आकडा सांगितलाय. पण कर्ज भाचीच्या नावावर. तिने स्वतः एकदा फोनवर येऊन 'हो' म्हणायला हवं."

"येईल ती," ती म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?"

ती काचा पुसायला लागली.

दोन दिवस तिने जिवाचा आटापिटा केला. तिसराच एखादा आवाज जमतो का, तेही आरशासमोर करून पाहिलं. मालकांनी विचारलं, घसा बसलाय का. बोलावं तर तो कायमचा जाणार. गप्प राहावं तर याच काउंटरसमोर दांडगट माणसं येऊन उभी राहणार. पण तिला खरी टोचणी वेगळीच होती. जी नाहीच त्या म्हातारीच्या काळजीने तो साहेबांच्या विनवण्या करून आला होता.

तिने फोन लावला.

"नमस्कार. हे बोलणं रेकॉर्ड होतंय. कोण बोलतंय?"

"मी... भाची."

पलीकडची टायपिंगची टकटक थांबली.

"चष्म्याच्या दुकानातून?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"आणि आत्याबाई?"

"त्याही मीच." ती डोळे मिटून म्हणाली. "गुडघे ठणठणीत आहेत."

तिला राहवेना. "रागावलात?"

"हो. फार. काळजीने झोप लागत नव्हती मला."

"चुकलं माझं. आधी वसुलीची भीती वाटत होती. नंतर... तुम्ही दुकानात यायचं थांबवाल, याची."

मग त्याने घसा साफ केला आणि कामाच्या आवाजात सांगितलं, ओळखीच्या माणसाची फाइल आम्हाला हाताळता येत नाही. ती मी शेजारच्या टेबलावरच्या ताईंकडे देतो. आकडा आधी सांगितला तोच राहील.

"बरं," ती म्हणाली. संपलं, असं तिला वाटलं.

"कारण भरावं लागतं. दोनच पर्याय आहेत. परिचित किंवा नातेवाईक."

"परिचित लिहा."

"परिचित लिहिलं तर फाइल पुढे कधीतरी परत माझ्याकडे येऊ शकते. नातेवाईक लिहिलं तर कधीच नाही." तो थांबला. "मला ती फाइल परत नकोय. मला... माणूस हवंय."

तिचे डोळे भरून आले. "पण ते अजून खरं नाहीये ना?"

"अजून नाही. तुमची हरकत आहे का, तेवढंच विचारतोय. रेकॉर्ड होतंय, विचार करून सांगा."

"नाही," ती म्हणाली. "हरकत नाही."

कळ दाबल्याचा आवाज आला. थोडा वेळ काहीतरी संगीत वाजलं. मग एका बाईने फोन उचलला, आणि तिचं हसू काही लपत नव्हतं.

"नमस्कार वहिनी. हप्ते किती महिन्यांचे करू?"