कंठकाचे मागचे पाय

"हे घोडं बसेल हाये का उभं?"

मागून आवाज आला तेव्हा पंचफुला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होती. बाहेर अवकाळीच्या गारा टिनावर ताडताड वाजत होत्या, म्हणून विहारात कोणी शिरल्याचं तिला कळलंच नव्हतं. तिनं वळून पाहिलं. दारात एक तरुण उभा. सायकल आत ओढलेली, हँडलला औषधांची पिशवी, आणि केसांत एक गार अडकून हळूहळू विरघळत होती.

"उभं हाये," ती म्हणाली. "चालून राह्यलं."

"मंग लय तरास होऊन राह्यला बिचाऱ्याले."

राग यावा की हसू, ते तिला ठरवता येईना. अनसिंगच्या वस्तीनं पै-पै जमवून हा विहार बांधला होता. बुद्धपौर्णिमेला त्याचं उद्घाटन. मागच्या भिंतीवर सिद्धार्थाचा गृहत्याग काढायचं ठरलं, आणि वाशीमच्या शाळेतून ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास झालेली एकटी पंचफुलाच, म्हणून काम तिच्याकडं आलं. सिद्धार्थ जमला, त्याचा सारथी छन्नही जमला. पण कंठक घोडा? वस्तीतल्या बाया त्याच्याकडं पाहून, "गाय चांगली काढली वं," म्हणून गेल्या होत्या.

"तुमाले घोड्यातलं समजते का?" तिनं विचारलं.

"ढोराच्या दवाखान्यात नवा कंपाउंडर हावो मी. देवमन. मालेगावचा." तो भिंतीजवळ आला. "पहिले चांगलं सांगतो. मान झकास हाये. अशी मान मले जलमात काढता येनार नाई. पण मागचा पाय… हा जो तुमाले गुडघा वाटते ना, तो गुडघा नाई. टाच होये ती."

"टाच? एवढी वर?"

"घोडं बोटाच्या टोकावर चालते. असं…" म्हणत तो स्वतःच चवड्यांवर उभा राहिला, एक पाऊल टाकलं, आणि रंगाच्या डब्यात पाय घालता घालता वाचला. पंचफुला शिडीवर खदखदून हसली. गारा थांबल्या तसा तो सायकल घेऊन निघूनही गेला.

तिनं पाय पुसून पुन्हा काढला. आणि खरंच, कंठक उभा राहिला!

मग देवमन दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागला. यायचा, आधी एक चांगलं सांगायचा, मग एक चूक. एकच. खूर फाटलेलं नको, अखंड हवं. अंग लांब झालंय; घोड्याचं अंग त्याच्याच तोंडानं मोजा, अडीच तोंडं भरते. ती कोळशानं दुरुस्त करायची, आणि तो पुढच्या खेपेला यायचा.

"जनावराचं काम सोडून इथं येता, साहेब रागवत नाई?" तिनं एकदा विचारलं.

"हेही जनावरच हाये ना," तो गंभीरपणे म्हणाला.

म्हणजे तो घोड्यासाठी येतो. नक्कीच घोड्यासाठी! पण मग एके दिवशी डोळ्याबद्दल सांगताना तो घोड्याकडं न पाहता तिच्याकडंच पाहत म्हणाला, "घोड्याचे डोळे बाजूले असतेत. दूरचं सारं दिसते त्याले, पन कपाळाच्या अगदी समोरचं दिसत नाई. काई काई मानसाचंही तसंच असते."

तिच्या हातातला ब्रश थांबला. "कोणत्या मानसाचं?"

"असते… काई काईचं." आणि तो घाईनं सायकलकडं गेला.

ती दिवसभर विचार करत राहिली. घोडं कोण? तो की आपण? आणि समोरचं दिसत नाही ते नेमकं कोणाला? काहीच उलगडेना. दुसऱ्या दिवशी विहाराकडं निघताना वहिनीनं, बेबीताईनं, दारातच अडवलं.

"घोडं काढाले गजरा कायले वं?"

पंचफुलानं केसांना हात लावून पाहिला. खरं सांगायचं तर गजरा कधी माळला, हेच तिला आठवत नव्हतं.

पुढच्या खेपेला कान झाले. त्याच्या पुढच्या खेपेला देवमन भिंतीपुढं बराच वेळ उभा राहिला. आयाळ पाहिली, पाय पाहिले, शेपूट पाहिली.

"बोला ना," ती म्हणाली.

"काई नाई. चूक नाई राह्यली." तो इतक्या उदास आवाजात म्हणाला, की जणू घोडं दगावलं होतं. आणि गेला.

दोन दिवस झाले, चार झाले, आठ झाले. सायकल आली नाही. इकडं घरी बेबीताईनं सांगितलं, पौर्णिमा झाली की पुसदचे पाव्हणे येतील, तुला पाहायला. पंचफुलानं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते वहिनीलाही कळलं नाही आणि तिलाही. भिंतीवरचा घोडा पूर्ण झाला, लोक वाहवा करतात, मग आपल्याला रडू का येतंय? एकदा तर तिनं चुना घेतला, मागचा पाय पुसून पुन्हा वाकडा करावा म्हणून. ब्रश पायापर्यंत नेला… पण पाय इतका सुरेख उतरला होता, की हात धजेना. मग ती सरळ ढोराच्या दवाखान्यात गेली.

देवमन अंगणात होता. टांग्याच्या घोडीचा मागचा पाय दोन्ही गुडघ्यांत धरून वाकलेला. घोडी खांबाला बांधलेली, टांगेवाला युनूसभाई पाणी आणायला गेलेला. पंचफुलाला पाहून देवमन उठू गेला, पण पाय सोडता येईना. तसाच वाकून, मान तिरपी करून तो पाहत राहिला.

"तुमी आले नाई," ती म्हणाली.

"चूकच नाई राह्यली. येऊ कोणत्या तोंडानं?"

"मानूस चूक काढालेच येते काय?"

तो घोडीच्या खुराकडं पाहत पुटपुटला, "खरं सांगू? रागवू नका. साऱ्या चुका मले पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या."

"साऱ्या?"

"साऱ्या. एकदम सांगितल्या असत्या तं तुमी दोन दिवसांत घोडं पुरं केलं असतं. मंग मी… म्हून एकेक सांगत गेलो."

पंचफुलाचा आ वासला. "म्हंजे महिनाभर मी गाईच्या कानाचं घोडं घेऊन बसली? लोकं हसले मले!"

"चुकलं माझं."

"चुकलंच!" ती कडाडली. आणि पुढं काय बोलायचं ते तिला समजेना, कारण राग पोटात होता आणि ओठ मात्र हसत होते. शेवटी ती एवढंच म्हणाली, "पुसदचे पाव्हणे येनार हायेत. मले पाहाले."

देवमन एकदम सरळ उभा झाला. घोडीनं पाय सोडवून घेतला.

"मी त्याच्या आदी येऊ?"

"कायले? आता कोनाची चूक काढता?"

"जानरावभाऊले भेटाले."

जानराव तिचा थोरला भाऊ, रेल्वेत गँगमन. पंचफुला पाठमोरी झाली. "भाऊ सातले ड्यूटीवर जाते," ती म्हणाली, आणि पळालीच.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच देवमन दारात हजर होता. जानराव तोंडाला राखुंडी लावून अंगणात बसलेला. देवमननं वाटेत सगळं पाठ केलं होतं, पण भावाच्या मिशा पाहिल्या आणि सारं विसरला. त्यानं कंठकाच्या मानेपासून सुरुवात केली. मग टाच आली, खूर आलं, अडीच तोंडं आली… जानरावनं दोनदा चूळ भरली, तरी घोडं संपेना.

"अवं," तो घरात वळून ओरडला, "हा मानूस घोडं इकाले आला का?"

बेबीताई पदर तोंडाला लावून बाहेर आली. "नाई हो. पोरगी मांगाले आला."

जानरावनं देवमनकडं पाहिलं. देवमननं मान खाली घातली, मग धीर करून वर केली आणि हो म्हणाला.

"मंग असं सांग ना बापा!" जानराव म्हणाला. "बस. च्या घे. पुसदले आजच कार्ड टाकतो."

आत चुलीपुढं पंचफुला चहात दुसऱ्यांदा साखर टाकत होती.