फोनबद्दल विचारणारा मुलगा

"हा रंग बघा, आणि हा बघा. एकाच साडीचे वाटतात का?"

लास्याने काउंटरवर साडी उलगडली आणि शेजारी तिचाच फोटो उघडून फोन ठेवला. बाहेर बेझंट रोडवर मे महिन्याचं ऊन नुसतं रणरणत होतं. विजयवाड्यात या दिवसांत दुपारी कुणी कामाशिवाय बाहेर पडत नाही, त्यामुळे मोबाइलच्या दुकानात ती आणि पेंगुळलेले सुब्बाराव, एवढेच. साडी मंगळगिरीची, गडद वांगी रंगाची. फोनमध्ये मात्र ती लालभडक मिरचीसारखी दिसत होती.

"लाल काय वाईट दिसतो, पोरी?" सुब्बाराव म्हणाले. "लोक तर म्हणतात, फोटो जरा उजळच यावा."

"लोकांचं काय जातं? फोटो बघून बाई लाल म्हणून मागवते, हातात वांगी पडते, आणि साडी माझ्याकडे परत. मला खोटं न बोलणारा कॅमेरा हवाय. असेल तर दाखवा."

मागे कुणीतरी हसलं. लास्याने वळून बघितलं. पंख्याखाली एक तरुण उभा होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घाम, आणि हसू... ते आधी डाव्या गालावर उमटलं आणि मग सगळ्या चेहऱ्यावर पसरलं.

"माफ करा," तो म्हणाला. "सगळे माझ्याकडे गोरं दाखवणारा कॅमेरा मागतात. खरं दाखवणारा मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"तुमच्याकडे का मागतात? तुम्ही विकता फोन?"

"नाही. मी फक्त विचारतो. नव्या फोनमध्ये लोकांना काय हवं असतं, ते. मी श्रीकर, हैदराबादहून आलोय. फोन बनवणाऱ्या एका कंपनीसाठी हे काम करतो." त्याने कार्ड पुढे केलं. "दिवसभरात तुम्ही सगळ्यात जास्त कुणाशी बोलता? फोन घरात कुणाच्या हाती लागू नये, असं वाटतं कधी?"

लास्याचा चेहरा एकदम मिटला.

तिचं चुकलं म्हणू नका. गेल्या वर्षी गुंटूरचं स्थळ आलं होतं. बोलणी चालू असताना एकजण गॅसची शेगडी तपासायला घरी आला, थंडगार ताक प्यायला, लास्याशी मजेत गप्पा मारून गेला. आणि मग गुंटूरहून नकार आला: मुलगी उलट बोलते. शेगडीवाला त्यांचाच माणूस होता. नान्ना, म्हणजे तिचे वडील, त्यानंतर किती दिवस नातेवाइकांच्या लग्नाला जायचं टाळत होते. आता तेनालीचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. पुन्हा नकार आला असता तर नान्नांना तोंड वर करून चालता आलं नसतं. आणि नेमका याच दिवसांत हा कोण कुठला मुलगा विचारतोय, तू फोनवर कुणाशी बोलतेस?

"रविवारी आमची बैठक असते," श्रीकर सांगत होता. "गव्हर्नरपेटेत, इडली-डोशाच्या हॉटेलवरच्या हॉलमध्ये. वापरून बघायला नवा फोनही देतो. याल?"

लास्याने क्षणभर विचार केला. हेर असेलच, तर त्याला टाळून काय होणार? तो शेजारीपाजारी विचारेल. त्यापेक्षा हवी ती उत्तरं आपणच त्याच्या कानात घालावीत.

"येईन," ती गोड आवाजात म्हणाली.

त्या बैठकीत गंमतच असायची. रिक्षावाल्याला हॉर्नच्याही वर ऐकू येईल अशी घंटी हवी होती. कॉलेजातल्या मुलाला फोन वहीच्या पानाइतका पातळ हवा होता, पण बॅटरी मात्र दोन दिवस चालायला हवी होती. राज्यम् नावाच्या एक वयस्क बाई होत्या, ज्यांना सगळे पिन्नी, म्हणजे मावशी, म्हणत. त्या म्हणाल्या, "जुन्या फोनसारखा आपटता आला पाहिजे. नुसतं बोट टेकवून फोन ठेवला तर मी रागावलेय, हे समोरच्याला कळतच नाही."

"आणि लास्यागारू, तुम्हाला?" श्रीकरने आदराने विचारलं.

"मला काय... सकाळी भक्तिगीतं ऐकायला आणि आमच्या अम्माशी बोलायला. बस."

"बस?" त्याची भुवई वर गेली. "आणि तो वांगी रंग?"

"ती... देवीला नेसवायची साडी होती."

"देवीनेही परत पाठवली?"

सगळे हसले. लास्याने ओठ घट्ट दाबून धरले, पण हसू आलंच, आणि ते त्याने पाहिलं. हेही तो तिकडे सांगणार, या विचाराने तिची छाती धडधडली... निदान ती याच विचाराने धडधडतेय, असं तिने स्वतःला बजावलं.

पिन्नी तिच्या शेजारी बसायच्या आणि चिवड्याची पुडी मध्ये ठेवायच्या. त्यांच्याशी बोलताना लास्याला मोकळं वाटे.

"पिन्नी, एक सांगू?" एका रविवारी ती कुजबुजली. "हा फोनवाला नाहीच. तेनालीच्या लोकांनी पाठवलाय, माझी चौकशी करायला."

पिन्नींना ठसका लागला. "कशावरून गं?"

"बघा ना. सकाळी उठल्यावर आधी काय बघता, कुणाचा फोन आला की बाहेर जाऊन बोलता... सगळे सासूचे प्रश्न."

"आणि दिसायला कसाय?"

"हेराच्या मानाने बराय. हसतो तेव्हा आधी डावा गाल हसतो." लास्या थांबली. "म्हणजे, लक्ष ठेवावं लागतं ना, म्हणून दिसतं."

"हो, हो. लक्ष ठेवायलाच हवं," पिन्नी म्हणाल्या आणि चिवडा खाऊ लागल्या.

मग ठरल्याप्रमाणे, लोक घरात फोन कसा वापरतात ते बघायला श्रीकर एकेकाच्या घरी जाऊ लागला. लास्याच्या घरी तो आला तो नेमका आवकायच्या दिवशी. वर्षभराचं कैरीचं लोणचं घालायचा दिवस म्हणजे घरात कुणालाही मान वर करायला फुरसत नाही. नान्ना अंगणात कोयीसकट कैऱ्या फोडत होते. त्यांनी याच्याकडे एकदा बघितलं आणि दुसरा कोयता पुढे केला.

"उभं राहून काय कळणार? बसा. कोय बरोबर मध्यावर फुटली पाहिजे."

आत लास्या मोठ्या परातीत मोहरीची पूड, तिखट आणि तिळाचं तेल कालवत होती. मनगटापर्यंत हात लालेलाल. कैऱ्यांची टोपली घेऊन श्रीकर दारात येतो न येतो तोच खिडकीत ठेवलेला तिचा फोन वाजला.

"मी देऊ?" त्याने विचारलं.

"नको. वाजू दे."

"अगं, नरसिंहम् मामांचा असेल," अम्मा चुलीकडून म्हणाली. तिचेही हात तसेच बरबटलेले. लास्याचं स्थळ नरसिंहम् मामाच जुळवत होते. "उचल रे बाबा, धर तिच्या कानाशी."

श्रीकरने फोन उचलला आणि लास्याच्या कानाजवळ धरला. त्याच्या बोटांना कैरीचा वास येत होता. बोटं गालाला लागली नाहीत, पण इतकी जवळ होती की त्यांची ऊब कळत होती. तिचं झुमकं हलायचं आणि काचेवर हलकेच टकटक करायचं. लास्या परातीकडे बघत राहिली. कालवायचं मात्र विसरली.

नरसिंहम् मामा कृष्णेच्या पलीकडे हाक मारावी तसे फोनवर बोलत. "ऐक पोरी. तेनालीवाल्यांनी चौकशीला कुणाला तरी पाठवलंय. कामाचं निमित्त करून तुझ्या आसपासच वावरतायत, असं कळलं. जपून बोल हं. नम्रपणे."

फोन बंद झाला. बाहेर नान्नांच्या कोयत्याचा आवाज तेवढा येत होता.

"तुम्हाला मी तो वाटलो?" श्रीकरने हळूच विचारलं.

"तुम्ही तो नाही, हे कशावरून?"

"माझं कार्ड..."

"कार्ड कुणीही छापून घेतं."

"मग कसं पटवू तुम्हाला?"

"जो असेल, तोही हेच विचारेल."

तो हसला, पण गाल हसला नाही. "म्हणजे भक्तिगीतं वगैरे... सगळी उत्तरं खोटी?"

लास्या पुन्हा परातीतलं कालवू लागली.

"आमचा एक नियम आहे," तो फोन खिडकीत ठेवत म्हणाला. "ज्यांना प्रश्न विचारतो, त्यांच्याशी काम संपेपर्यंत दुसरं काही बोलायचं नाही. हा नियम पाळणं मला कधी जड गेलं नव्हतं. या वेळी गेलं." मग त्याने अम्माचा निरोप घेतला, नान्नांना कोयता परत दिला आणि तो गेला.

चतुर हेर असंच बोलेल, लास्याने स्वतःला समजावलं. पण त्या दिवशी लोणच्यात तिने मीठ घातलं की नाही, हे अम्माला पुन्हा चाखून बघावं लागलं.

शेवटच्या रविवारी हॉलमध्ये श्रीकर नव्हता. त्याच्या जागी आलेली मुलगी दिलेले फोन परत घेत होती. "श्रीकरगारू हैदराबादला गेले," तिने सांगितलं. "तुमची उत्तरं मात्र धरलेली नाहीत हं. ती धरू नका, असं त्यांनीच कळवलं. कारण विचारलं तर म्हणाले, चूक माझी आहे."

हेर असता तर त्याने ही उत्तरं जपून ठेवली असती. जिना उतरताना लास्या मधल्याच पायरीवर बसली. आज पिन्नीही आल्या नव्हत्या; कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नान्ना नवं धोतर नेसून ओसरीवर बसले होते. "तेनालीहून मुलाची आत्या येतेय," ते म्हणाले. "होकारच घेऊन येत असतील. कॉफी नीट कर."

लास्या तबक घेऊन बाहेर आली आणि पेले खणखणले. समोर राज्यम् पिन्नी बसल्या होत्या.

"ये गं," पिन्नी म्हणाल्या. "दचकू नकोस. मला बघायला पाठवलं होतं, तुला. तू फोनच्या बैठकीला जातेस असं कळलं, तेच निमित्त केलं." मग त्या नान्नांकडे वळल्या. "मुलीत काही खोट नाही. कष्टाळू आहे, तोंडाळ आहे, मला आवडली. पण तिला आमच्याकडे देऊ नका."

नान्नांचा चेहरा उतरला. "काही चुकलं का आमचं?"

"नाही हो. तो फोनवाला मुलगा दारातून आत आला की ही आधी पदर सारखा करायची आणि मग त्याला शिव्या द्यायची. मी तीन मुली वाढवल्यात. मी आज हो म्हटलं, तर ही आमच्या घरी येईल, आणि जन्मभर बरोबर उत्तरं देत बसेल."

अम्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"लास्या," नान्ना म्हणाले, "खरंय का हे?"

बरोबर उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. तसलं काही नाही, नान्ना. एवढं म्हटलं की झालं. नान्ना सावरले असते, पिन्नींचं मनही कदाचित वळवता आलं असतं. लास्याने तबक खाली ठेवलं.

"खरंय," ती म्हणाली. "त्याच्यावर संशय घेतला, आणि तरी... खरंय."

नान्नांनी नव्या धोतराचा काठ सारखा केला. "कुठल्या गावचा?"

"विचारलं नाही. प्रश्न तोच विचारायचा."

"मग विचार. आत्ता, इथेच. आम्हालाही ऐकू दे."

तिने कार्डावरचा नंबर लावला. पलीकडून "हॅलो" आलं तसा तिने फोन तबकाशेजारी ठेवला.

"मी लास्या. आधीच सांगते, स्पीकर चालू आहे. नान्ना, अम्मा आणि राज्यम् पिन्नी ऐकतायत. तेनालीचा हेर म्हणजे पिन्नीच निघाल्या. मी चुकले... माफ करा."

पलीकडून खोकल्याचा आवाज. "सगळ्यांना नमस्कार."

"नान्ना विचारतायत, तुमचं गाव कुठलं?"

"भीमवरम. घरी अम्मा आहे, धाकटा भाऊ आहे." तो थांबला. "लास्यागारू, फोन परत दिलात ना?"

"दिला. आता कुठला नियम नाही."

"मग बोलतो. हे एकटीला सांगायचं होतं, पण असू दे. तुम्ही मला आवडता. ती भक्तिगीतांची थाप मारत होतात, तेव्हापासून... किंवा त्याच्याही आधी, दुकानात भांडत होतात तेव्हापासून. तुम्हाला काय वाटतं, ते मला माहीत नाही. या वेळी खरं सांगाल का?"

ओसरीवरचे सगळे लास्याकडे बघत होते. तिने कुणाकडेच बघितलं नाही.

"मलाही," ती म्हणाली. "कधीपासून, ते विचारू नका. मी तेव्हा तुमच्यावर लक्ष ठेवून होते, असं मला वाटायचं."

नान्नांनी घसा खाकरला आणि फोनकडे झुकून, अवघडल्या आवाजात म्हणाले, "रविवारी ये, बाबा. पण ऐकून ठेव. आम्हीही भीमवरमला माणूस पाठवून तुझी चौकशी करणार."

"जरूर करा," श्रीकर म्हणाला. "कुणाला पाठवताय?"

पिन्नींनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि पदराने ओठ टिपले.

"मी जाते," त्या म्हणाल्या.