डोंग्याखालची रेघ

ही ऐकीव गोष्ट नाही, असं केशोरावांनी आधीच बजावलं. चैतराम त्यांचा साडू. ज्याला खोटं वाटत असेल त्याने आताच उठून घरी जावं. भोवती बसलेल्या पोरांपैकी कोणी उठलं नाही. एवढ्या अंधारात एकट्याने घरी जायची छाती कोणाची होती!

चैतरामचं काम तसं साधंच होतं. अर्जुनी मोरगावच्या अलीकडे त्याचं गाव. तिथल्या तलावात किती गाळ साचला ते मोजायला एक साहेब आला होता. त्याची मशीन रात्रभर घरी सांभाळायची आणि सकाळी परत द्यायची, बस. २०१३ सालच्या डिसेंबरची दोन तारीख, सोमवती अमावास्या.

दिवसभर साहेबाला घेऊन डोंगा चैतरामनेच वल्हवला होता, त्यामुळे मशीनची रीत त्याला कळली होती. तिला दोन नजरा. एक सरळ खाली बघे, ती पाण्याची खोली आणि मासे दाखवी. मासा डोंग्याखालून गेला की पडद्यावर कमान उमटे. दुसरी नजर दोन्ही बाजूंना. ती तळाचा जणू फोटोच काढी, बुडालेलं खोडसुद्धा सावलीसकट दिसे.

तळ दिसतो म्हटल्यावर चैतरामच्या डोक्यात भुंगा शिरला. त्याचा धाकटा भाऊ दुधराम आषाढात जाळं टाकायला गेला तो आलाच नाही. डोंगा सापडला, माणूस नाही. गाव म्हणे, नागपूरला पळाला. त्याची बायको मंजू पाच महिने अधांतरी होती. त्या संध्याकाळी वाढता वाढता तिने विचारलं, "भाऊजी, मी कुकू लावू का पुसू? कोणी तं सांगा मले."

चैतराम घास ताटात टाकून उठला. मशीन उचलली आणि कोणाला न सांगता तलावावर गेला. सव्वाआठ वाजले होते.

तासभर नुसती खोडं, दगड, एक फाटकं जाळं. मग जुन्या सांडव्याजवळ बाजूच्या पडद्यावर एक लांबट आकार आला. शेजारी त्याची सावली पडली होती. सावलीला दोन पाय होते.

तिथे चैतराम चुकला. दिवेलागणीनंतर पाण्यावर कोणाला नावाने हाक मारायची नाही, ही त्याच्या गावच्या ढिवर मासेमारांची रीत. शीळ घालतात, खोकतात, पण नाव घेत नाहीत. चाळीस वर्षं त्याने ती पाळली होती. भाऊ दिसल्यावर कोणाला रीत आठवते?

"दुधराम… ए दुधराम."

हाक पाण्यावरून लांब गेली.

नक्की करावं म्हणून त्याने डोंगा वळवला आणि पुन्हा तिथूनच नेला. आकार नव्हता. गाळात नुसता खळगा होता.

मग खाली बघणाऱ्या पडद्यावर एक रेघ उमटली. कमान नाही. रेघ. दुपारीच साहेबाने हसत सांगितलं होतं, चालत्या डोंग्याखाली अशी सरळ रेघ आली तर समजायचं, खाली जे आहे ते आपल्यासोबत चालतंय.

पाणी अठरा फूट. रेघ चौदावर.

त्याने जोरात वल्हं मारलं. रेघ सोबत. डावीकडे वळला… रेघ सोबत.

अकरा.

भाऊच तर आहे… आपलाच भाऊ… तरी त्याने वल्हं थांबवलं नाही. सख्ख्या भावाची भीती वाटली, याची चैतरामला आजही लाज वाटते.

सात.

चार…

दोन…

काठ आला. डोंगा चिखलात रुतला. रेघ संपली. ते आधीच उतरलं होतं.

अर्धा तास चैतराम डोंग्यातून उतरलाच नाही. मग धावत घरी पोचला. मंजू उंबऱ्यात बसली होती. कपाळ कोरं. बांगड्या फोडलेल्या. त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"ते आले होते, भाऊजी," ती म्हणाली. "थोडा वेळ पडून राहिले… मंग मीच म्हटलं, जा आता."

आतल्या खाटेचा सुंभ ओला होता. माणसाच्या लांबीएवढा.

दुसऱ्या दिवशी सांडव्याजवळ गळ टाकले, गाळ ढवळला. काही लागलं नाही. खाट चार दिवस उन्हात टाकली.

शेवटी केशोरावांनी एवढंच सांगितलं. खाट अजून आहे. मे महिन्यात घरावरचे पत्रे तापतात ना, तेव्हाही तेवढा सुंभ हाताला ओलाच लागतो.