मधली जागा

डोंगरावर एकट्याने फिरणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक काम आपोआप येतं: इतरांचे फोटो काढायचं. दातकाकांच्या वाट्याला ते आलं तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं. बायको गेल्यापासून घरात त्यांना कामाला लावणारं कोणी उरलं नव्हतं. इथे निदान दर रविवारी कोणी ना कोणी फोन पुढे करून म्हणायचं, "काका, आमचा एक काढता का?"

वाट तशी लेकराबाळांची. खाली गाड्या लावायच्या जागेपाशी एक लाकडी फलक होता, त्यावर टोपी घातलेला ससा रंगवलेला, आणि सशाखाली लिहिलेलं, 'लहान मुलांसह चढण्यास सोपी वाट'. पायऱ्या रुंद, वळणावळणावर बाक, उताराच्या बाजूला कठडा. दोन्हीकडे सुईसारख्या पानांची उंच झाडं, पायाखाली त्याच पानांचा मऊ थर, आणि उन्हात तापलेल्या डिंकाचा वास. माथ्यावर पोचलं की झाडी एकदम संपायची. पलीकडे वाळवंट. नजर जाईल तिथवर तांबूस वाळू, ना घर, ना झाड. त्या बाजूला उतरायला वाटच नव्हती. लोक कठड्यापाशी वाळवंटाकडे पाठ करून उभे राहायचे आणि हसायचे.

हसले की दातकाकांची नजर आधी दातांवर जायची. त्यांनी जन्मभर कवळ्या बनवल्या होत्या. डॉक्टरांकडून तोंडांचे साचे यायचे, हे मेणात एकेक दात बसवायचे, घासायचे, चकाकवायचे. गल्लीतल्या पोरांनी 'दातकाका' नाव ठेवलं ते त्यावरूनच. फोटो काढता काढता ते मनात शेरे मारायचे: यांची वरची कवळी ढिली झालीय, या पोराला तारा लावायला हव्यात. एकदा एका आजोबांच्या तोंडात त्यांना आपल्याच हातचं काम दिसलं आणि तो अख्खा दिवस मजेत गेला.

त्यांची स्वतःची उजवीकडची एक दाढ मात्र कधीचीच पडली होती. तिथे काही बसवून घ्या म्हणून बायको हात धुऊन मागे लागायची. "एक दाढ गेली की शेजारच्या तिकडे कलतात, हे तुम्हीच लोकांना सांगता ना?" ती गेल्यावर दाढेचं राहूनच गेलं. विचारात असले की त्यांची जीभ त्या रिकाम्या जागेत जाऊन बसायची.

मुलगी दुसऱ्या शहरात होती. आई गेली तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, तुम्ही आमच्याकडेच या राहायला." हे म्हणाले, "बघू." पहिल्या बोलावण्याला लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही, एवढाच त्यांचा हिशेब. तिने पुन्हा विचारलंच नाही. तेव्हापासून पुन्हा विचारलं जायची वाट पाहत ते फोनवर उगाच बोलणं लांबवायचे. "सगळे या की एकदा. आमचा डोंगर दाखवतो." ती म्हणायची, "पुढच्या महिन्यात नक्की, बाबा." आणि फोन ठेवल्यावर घर इतकं शांत व्हायचं की शेजारच्यांचा कुकर यांना आपल्याच ओट्यावर वाजल्यासारखा वाटायचा.

ते कुटुंब त्यांना पहिल्यांदा भेटलं तेव्हा उन्हाळा सरत आला होता. कठड्यापाशी चौघं उभी होती: वडील, आई, डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी आणि निळ्या स्वेटरमधला सहा-सात वर्षांचा मुलगा. आईने फोन पुढे केला. दातकाकांनी नेम धरला. मुलगा हसला, तर पटाशीचा एक दात पुरता आलेला, दुसरा हिरडीतून नुकता अर्धा डोकावणारा. गोड दिसत होतं. म्हातारी आणि आई यांच्यामध्ये मात्र बरीच जागा सुटली होती.

"थोडं जवळ या ना," दातकाका म्हणाले. "मधे एक माणूस मावेल."

"राहू द्या," वडील म्हणाले. "तेवढी लागते."

असतात एकेकाच्या तऱ्हा, असं म्हणून दातकाकांनी बटण दाबलं.

मग ती चौघं वरचेवर भेटू लागली. चढताना नाही, उतरतानाही नाही. भेटायची ती माथ्यावर, आधीच येऊन उभी असलेली. थंडी पडली, माणसांची गर्दी ओसरली. एका रविवारी खाली यांच्या स्कूटरशिवाय एकही गाडी नव्हती, तरी वर चौघं होती. कुठून आलात, असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण म्हातारीच्या पायांकडे लक्ष गेलं आणि प्रश्न तिथेच राहिला. झाडीतून येणाऱ्या प्रत्येकाच्या बुटांना सुईपानं चिकटलेली असायची. या चौघांचे बूट घोट्यापर्यंत तांबड्या वाळूने माखले होते.

आणि मुलाचा दात तेवढाच होता. अर्धा.

काही मुलांचे दात सावकाश येतात, हे दातकाकांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःची तशी समजूतही घातली. पण हिवाळा सरला, झाडांना कोवळे शेंडे फुटले, आणि तो दात केसभरही वर आला नव्हता. मधली जागाही तेवढीच. चौघांतलं कोणी त्या जागेकडे तसूभर कललं नव्हतं. हे बघून त्यांच्या मनात पाल चुकचुकली. तरी पुढच्या रविवारी ते गेलेच. खरं सांगायचं तर आठवडाभरात त्यांच्याशी समोरासमोर बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्या दिवशी म्हातारी म्हणाली, "तुम्ही पण या ना फोटोत."

"मी आलो तर काढणार कोण?" दातकाका हसले. "आणि माझी माणसं यायचीयत ना. मुलगी, जावई, नात. त्यांच्याबरोबर काढीन की."

"येऊ द्या," म्हातारी म्हणाली. "आम्ही थांबतो."

नंतरच्या महिन्यात मुलगी खरंच आली. नवरा आणि पोरीला घेऊन, शनिवारी रात्रीच. दातकाकांनी चादरी बदलल्या, संत्री आणली, नातीसाठी चढायला छोटी काठी तासून ठेवली. या वेळी तिच्या विचारण्याची वाट बघायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. माथ्यावर पोचलं की आपणच सांगायचं, मी येतो तुमच्याकडे राहायला. हे वाक्य त्यांनी आरशासमोरसुद्धा म्हणून पाहिलं होतं.

सकाळी चढताना त्यांचा ऊर भरून आला होता. नात काठी आपटत पुढे पळत होती, जावई फोनला रेंज शोधत होता, आणि मुलीने त्यांच्या हातात हात अडकवला होता.

"बाबा, दमला नाहीत ना?"

"मी? तूच धापा टाकतेयस."

"इतकं छान आहे इथे," ती म्हणाली. "उगाच टाळत राहिलो आम्ही."

माथ्यावर ती चौघं होती.

"आली का माणसं?" म्हातारीने विचारलं.

"आली," दातकाका म्हणाले. त्यांना अभिमान लपवता आला नाही.

"मग आज तुमचा मी काढतो," निळ्या स्वेटरवाल्याचे वडील म्हणाले आणि त्यांनी जावयाचा फोन हातात घेतला. दातकाका मुलगी आणि नात यांच्या मधे उभे राहिले. मुलीने पुन्हा त्यांच्या हातात हात अडकवला. कितीतरी दिवसांनी ते कोणाच्या तरी फोटोत होते.

"आता आमचा," म्हातारी म्हणाली.

मुलाच्या आईने आपला फोन पुढे केला. दातकाकांनी सवयीने हात पुढे केला, पण नातीने तो फोन आधीच पकडला. "मी काढते! मला येतो."

ती चौघं कठड्यापाशी उभी राहिली. नातीने एक डोळा मिटला, फोन वर-खाली केला, आणि मान न वळवताच म्हणाली, "आजोबा, हलू नका ना."

"अगं, मी तुझ्या मागे उभा आहे."

"मागचे नाही," नात म्हणाली. "समोरचे."

दातकाकांनी समोर पाहिलं. वडील, मुलगा, म्हातारी, आई. म्हातारी आणि आई यांच्यामध्ये नेहमीची रिकामी जागा.

नातीने बटण दाबलं.

"झालं," म्हातारी म्हणाली.

मुलगा हसला. पटाशीचे दोन्ही दात सारखे होते. पुरते आलेले.

दातकाका झटकन मुलीकडे वळले. आत्ता नाही तर कधीच नाही, असं त्यांना वाटलं.

"अगं, मी येतो तुमच्याकडे राहायला," ते म्हणाले. "कायमचा येतो."

मुलगी नवऱ्याच्या फोनमध्ये बघत होती.

"फोटो छान आलाय," ती नवऱ्याला म्हणाली. "पण आपण एवढे लांब का उभे राहिलो? मधे केवढी जागा सुटलीय."

"तुझा हात बघ," जावई म्हणाला. "कोणाच्या तरी हातात अडकवल्यासारखा."

ती बघत राहिली. मग तिने डोळे पुसले.

"बाबा किती बोलवायचे इथे," ती म्हणाली. "ते होते तेव्हाच यायला हवं होतं."

"मी आहे!" दातकाका ओरडले. "अगं, इथेच आहे मी!"

जावयाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. नातीची काठी उचलून तिच्या हातात दिली. तिघं पायऱ्यांकडे निघाली.

दातकाकाही त्यांच्या मागे निघाले. निदान आपण निघालो असं त्यांना वाटलं. पण पायांखाली सुईपानांचा मऊपणा लागेना. काहीतरी सरकत होतं, खसखसत होतं.

वळणावर नात थांबली आणि तिने मागे वळून बोट दाखवलं.

"आई, बघ ना, ते पाच जण अजून तिथेच उभे आहेत."

"असं बोट दाखवू नये गं. चल, पुढे बघून चाल."

तिघं झाडीत दिसेनाशी झाली. नातीच्या काठीचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

दातकाकांच्या एका खांद्याला म्हातारीचा खांदा टेकला होता, दुसऱ्याला त्या आईचा. दोन्ही ऊबदार होते.

हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. जीभ सवयीने उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे गेली.

तिथे दाढ होती.