बीडलॉकच्या चोवीस रेघा

"एकवीस, बावीस, तेवीस... चोवीस! सगळ्या सरळ!"

"परत मोज," मैत्री म्हणाली.

"चौथ्यांदा मोजून राह्यलो मी!" दहा वर्षांचा हेरंब कुरकुरला. "शाळेत पाढे, अन् सुट्टीत बोल्ट! काऊन छळतेस बाप्पा?"

तरी त्याने पाचव्यांदा मोजलं. चाकावरच्या लोखंडी रिंगला चोवीस बोल्ट होते. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून रिंगेवर उतरणारी एक बारीक पांढरी रेघ होती. एकही रेघ तुटलेली नव्हती. आणि त्याच चाकाचं टायर मात्र रिंगेमागे कडेवरून निखळून, वाळलेल्या चिखलाने माखून लोंबत होतं!

ही उटनूरच्या वनसेवा मंडळाची शेड होती. दिवस खंडेनवमीचा. दुपारी जीपची पूजा होती, म्हणून शेड झाडायचं काम मंडळाचे सचिव उत्तमराव यांनी आपल्या पुतणीवर, अदितीवर आणि तिच्या धाकट्या भावावर, म्हणजे हेरंबवर टाकलं होतं. झाडता झाडता कोपऱ्यातली ताडपत्री ओढली, तर खाली दोन महिने पडून असलेलं हे चाक. अदितीने लगेच धावत जाऊन मैत्रीला मागच्या दाराने आणलं. पुढच्या दाराने आणणं शक्य नव्हतं. मैत्री ही दौलतची मुलगी, आणि दौलतचं नाव त्या शेडमध्ये आता कुणी धड घेत नव्हतं.

पावसाळ्यात जंगलातल्या गावांना दवाखान्यापर्यंत पोहोचवणारी ती एकच जीप होती. दौलत तिचा ड्रायव्हर. चिखलातून आणि नाल्यातून जायचं तर चाकांतली हवा कमी करावी लागते, म्हणजे टायर पसरतं आणि पकड घेतं. पण हवा कमी झाली की टायरची कड रिमवरून निसटायची भीती. त्यावर उपाय बीडलॉकचा. टायरची कड रिम आणि एका जाड रिंगेच्या मध्ये धरायची आणि बोल्टांनी आवळून टाकायची, मग ती निसटत नाही. ही चाकं घ्या म्हणून दौलत दोन वर्षं मंडळाच्या मागे लागला होता. मे महिन्यात टायर बसवलेली चाकं आली. तेव्हापासून दर रविवारी तो पाचही चाकांचे बोल्ट पान्याने तपासायचा. पांढऱ्या रंगाच्या रेघाही त्याच्याच. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून कळतं.

ऑगस्टमध्ये सावरगुड्याच्या सपनाला साप चावला. नऊ वर्षांची पोर. तिला घेऊन येताना नाल्याच्या मध्यावर, दौलतने हवा कमी केलेली असताना, पुढचं टायर निघालं. दौलतने तिला पाठीवर घेतलं आणि तो कमरेएवढ्या पाण्यातून, मग चिखलातून धावत सुटला. डांबरी रस्ता दिसायच्या आत सपना पाठीवरच गेली.

बोल्ट ढिले राहिले असतील, असं सगळे म्हणाले. सगळ्यात वाईट म्हणजे दौलतही तेच म्हणाला. शेडच्या किल्ल्या त्याच दिवशी काढून घेतल्या होत्या, त्यामुळे ते चाक त्याने पुन्हा पाहिलंच नव्हतं. आज पूजेनंतर बैठक होती. 'माझ्या हलगर्जीपणामुळे मुलीचा जीव गेला' असं लिहिलेल्या कागदावर तो सही करणार होता. जन्मभराचा डाग! आणि दसऱ्यापासून जीप नव्या ड्रायव्हरकडे जाणार होती.

"बाबा कालपासून जेवले नाई," मैत्री म्हणाली. "पन बोल्ट ढिले असते तं रेघा तुटल्या असत्या ना?"

"मंग टायर निघालं कसं?" अदितीने विचारलं.

"थेच तं पाह्याचं हाय. पाना दे!"

पाना हातात येतो न येतो तोच बाहेर चपला वाजल्या. मैत्री जीपमागे दडली. दारात उत्तमराव उभे होते, आणि त्यांच्यामागे रंगाचा डबा घेतलेला विनय पेंटर.

"पाचही चाकांवर चंदेरी रंग मार," उत्तमराव म्हणाले. "थे कोपऱ्यातलंही घे. पावने येऊन राह्यले, शेड चकचकीत दिसली पाह्यजे!"

रंग बसला की रेघा गेल्या, आणि रेघा गेल्या की दौलतकाकाही गेले! अदितीने डोकं चालवलं.

"मोठेबाबा, आता रंग मारला तं पूजेपर्यंत वाळन का?" तिने भोळेपणाने विचारलं. "ओल्या रंगावर हळदकुंकू लावलं की सारं पसरन. लाल लाल ओघळ येतीन चाकावरून..."

"रक्तावानी!" हेरंबने भर घातली.

उत्तमरावांचा चेहरा पडला. पूजेच्या बाबतीत ते फार काटेकोर माणूस. "अपशकुन नको बाप्पा! विनय, पूजा झाल्यावर ये तू," असं म्हणत ते घाईघाईने हार आणायला निघून गेले.

"रक्तावानी काऊन म्हटलं रे?" अदितीने भावाला चापटी मारली.

"पन गेले ना!"

तिघं चाकाला भिडली. बोल्ट घट्ट होते, दौलतने आवळलेले! मैत्री पान्यावर लटकायची, अदिती चाक दाबून धरायची आणि हेरंब निघालेला बोल्ट ताटलीत टाकायचा. तळहात सोलून निघाले. चोविसावा बोल्ट सुटला, रिंग खाली पडली आणि तिघंही चाकाकडे बघत राहिली.

रिंगेखाली साधं रिम होतं. रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीला असतं तसं, त्याच्या स्वतःच्या कडेसकट. टायरची जागा त्या कडेच्या आत होती. रिंगेने टायरला कधी धरलंच नव्हतं! हेरंबने एक बोल्ट उचलून पाहिला. डोकं चांगलं जाड, पण आटे नखाएवढे.

"नुसती शोभा हाये ही!" अदिती पुटपुटली. "लावल्यासारखं दाखवाची."

दर रविवारी उन्हात बसून मैत्रीचे बाबा हे शोभेचे बोल्ट आवळत होते. प्रत्येकावर रेघ ओढत होते. तिला इतका संताप आला की रडूही येईना.

"चाकं मोठेबाबांनी आनली होती," अदिती खालच्या आवाजात म्हणाली. "पन मुद्दाम नसन केलं गं त्यायनं."

"मुद्दाम नसन. पन सपना तं गेली ना?"

अदितीने ती रिंग उचलली आणि छातीशी धरली. "मीच बोलतो पूजेत," ती म्हणाली.

दुपारी शेड भरली. मंडळाचे अध्यक्ष नरसिंगराव मावल्याहून आले होते, निवृत्त डॉक्टर, कमी बोलणारे. सावरगुड्याहून सपनाची आजी चंपाबाई आली होती. ती खांबाला टेकून बसली होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. दौलत दाराशी उभा होता, मान खाली घालून. आरती झाली. उत्तमरावांनी कागद आणि पेन पुढे केलं.

"थांबा!" अदिती ओरडली. "सही करू नका काका! टायर बोल्टांमुळे निघालंच नाई!"

हेरंब आणि मैत्रीने ते चाक ढकलत ढकलत मध्यभागी आणलं. अदितीने रिंग वेगळी करून दाखवली. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली.

"हे काय खेळ लावले?" उत्तमराव कडाडले. "थे चाक तुटलेलं हाये! तुटल्यावर काहीही दिसते!"

"मंग जीपचं चाक खोला," मैत्री म्हणाली. "जे चालू हाये, थे!"

नरसिंगरावांनी दौलतकडे पाहिलं. "दौलत, खोल."

दौलतने जॅक लावला. पाना उचलला आणि तो थबकला. "आधी हवा काढतो," तो म्हणाला. "अस्सल बीडलॉक असन अन् भरल्या हवेत रिंग खोलली तं ती उडून तोंडावर येते. पोरं हो, मांगं सरका."

सूं करून हवा गेली. मग तो एकेक बोल्ट काढू लागला. चोवीस निघाले. रिंग हातात आली. त्याने रिमच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा.

"बाबा, आता रिंगेवाचून हवा भरून पाहा," मैत्री हळूच म्हणाली.

हवेचं मशीन घरघरलं. अस्सल बीडलॉक असतं, तर रिंग काढल्यावर टायरला धरायला काही उरलंच नसतं, हवा थांबली नसती. पण टायर फुगलं! टुम्म फुगलं आणि तसंच राहिलं. रिंग जमिनीवर पडली होती आणि चाकाला तिची काही गरज नव्हती.

उत्तमराव खुर्चीवर बसले.

"मोबाईलवर दोन फोटो आले होते," ते म्हणाले. "दुकानदार म्हने, एकाचे बोल्ट दर आठवड्याले तपासा लागतात, दुसऱ्याले काहीच कटकट नाई. मी म्हटलं, दिसाले तं सारखेच हायेत! बिनकटकटीचे घेतले. दौलतले दोन फोटोंचं सांगितलंच नाई. काऊन सांगावं, असं वाटलं."

"दौलतले विचारलं असतं तं एका मिनिटात सांगितलं असतं त्यानं," नरसिंगराव म्हणाले. त्यांनी तो कागद घेतला आणि फाडून टाकला. मग ते मुलांकडे वळले. "आमी एवढे मोठे मानसं. दोन महिने हे चाक ताडपत्रीखाली झाकून ठेवलं, अन् एकानंही उचलून पाह्यलं नाई. तुमी पाह्यलं! शाब्बास म्हनताना मलेच लाज वाटते, पन शाब्बास पोरांनो!"

टाळ्या वाजल्या. पण हेरंबसुद्धा हसला नाही. मैत्रीला वाटलं होतं की बाबांवरचा डाग निघाला की सगळं हलकं होईल. पण खांबापाशी चंपाबाई उठून उभी राहत होती.

"मंग चाक खरं असतं," तिने विचारलं, "तं माही सपना वाचली असती का?"

दौलतने उत्तमरावांकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. शेवटी तोच बोलला. "नाल्याच्या पार झालो असतो, माय. पुढचं मले नाई सांगता येत."

उत्तमराव उठले आणि चंपाबाईच्या पुढ्यात जमिनीवर बसले. "माही चूक हाये," ते म्हणाले. चंपाबाईने त्यांना ना उठवलं, ना शिव्या दिल्या. ती त्यांना वळसा घालून दौलतपाशी गेली.

दौलतने जीपची किल्ली काढून नरसिंगरावांपुढे धरली. ती नव्या ड्रायव्हरसाठी सकाळीच जीपला लावून ठेवलेली होती. "डॉक्टरसाहेब, सही नाई घेतली, उपकार झाले. पन जीप माह्यानं नाई चालत आता. पाठीवर वजन येते."

"माहीच नात होती थे वजन," चंपाबाई म्हणाली. "दोन महिन्यांपासून तू मान खाली घालून फिरतोस. वर पाह्य." दौलतने वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, तिचे कोरडे होते. "गावात अजून एकोणीस लेकरं हायेत. नाला तं हायेच, पुढच्या सालीही राहीन. तू नाई येशीन तं कोन येईन?"

मैत्रीने दौलतचा हात धरला होता, आणि तो हात पान्याच्या काळ्या वंगणाने माखलेला होता. मग दौलतने किल्ली खिशात टाकली आणि तो खाली बसलेल्या उत्तमरावांकडे वळला.

"साहेब, मोबाईल काढा. रिंग खोलली की टायरची कड हाताला लागली पाह्यजे, अशी चाकं पाह्यजेत. बोल्ट दर रविवारी मी आवळीन. अन् घ्याच्या आधी दुकानात माह्यासमोर एक चाक खोलून दाखवाले सांगा."

उत्तमरावांनी मान हलवली आणि मोबाईल उघडून त्याच्या हातात दिला.